बिननावाचं कापड

सोमवार, १ सप्टेंबर

आज पुन्हा नोकरीला लागले. त्रेसष्टाव्या वर्षी.

सेलासी तीनदा घरी येऊन गेली होती. तिसऱ्यांदा येताना आंबवलेल्या मक्याची केंकी आणि गरमागरम तळलेला मासा घेऊन आली, तेव्हाच मी ओळखलं की ही पोरगी धंद्यात पुढे जाणार. ऑफिस अक्रातच, ओसूला आहे, एका दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर. गेल्या वर्षी तिघांनी मिळून तिच्या आईच्या जेवणाच्या टेबलावर कंपनी सुरू केली. आता अकरा माणसं आहेत. त्यातल्या कोणाचंही वय माझ्या शिवणयंत्राइतकं नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं ते यंत्र दिवसाला चारशे नक्ष्या काढतं. त्यातल्या चांगल्या निवडून कापडावर छापून बाजारात आणायच्या, असा धंदा. माझं काम फक्त 'नाही' म्हणायचं. दुपारपर्यंत तीनशे नव्वदांना नाही म्हटलं, उरलेल्या दहांना जेवण झाल्यावर. सेलासी हसत होती, पण तिचा चेहरा जरा उतरला.

नोकरी का धरली याचं खरं कारण इथे लिहून ठेवते, कारण हे कोणी वाचणार नाही. मी नक्ष्या काढायचे ती कापडगिरणी बंद पडल्यापासून 'हे बरोबर आहे का?' असं मला कोणी विचारलंच नव्हतं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

माझे जुने कागद आज कंपनीला दिले. टेमाची गिरणी बंद झाली त्या दिवशी आवारात नक्ष्यांचे कागद जाळत होते. मी एकशेचाळीस कागद झग्याखाली लपवून बाहेर काढले होते. पहारेकऱ्यानं माझ्या पोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, जपून चाला, सातवा महिना दिसतोय. एकोणपन्नास वर्षांची होते मी तेव्हा.

वुम्पिनीनं प्रत्येक कागदाचा फोटो काढून यंत्राला दाखवला. हा आमचा यंत्रवाला. उत्तरेकडच्या तमाले गावचा, चौतिसाचा, दोन मुलींचा बाप, आणि इतकं सावकाश बोलतो की वाक्य संपेपर्यंत चहा निवतो. पण कागद मात्र लहान बाळ उचलावं तसे उचलत होता. त्याला सांगता सांगता मी कुठल्या कुठे गेले. बारा टेबलं, उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या, खालून येणारा वितळलेल्या मेणाचा वास. कागदावरच्या एकेका चौकटीत एकेक ठिपका. एक नक्षी उतरवायला तीन आठवडे लागायचे आणि त्या तीन आठवड्यांत घरी नवरा काय जेवला हे देवालाच ठाऊक.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी अराबा यायची. माकोला बाजारातल्या कापडवाल्या बायकांची ती तेव्हाही राणी होती. नव्या नक्षीचं पहिलं सहा वार कापड तिचं. ते ती आपल्या गाळ्यात टांगायची आणि त्याखाली बसून राहायची, कधी चार दिवस, कधी महिना. मग सासूवर नाहीतर सवतीवर चिडलेली कोणीतरी बाई यायची, तिच्या तोंडून काहीतरी निघून जायचं, आणि अराबा म्हणायची, झालं, हेच नाव. आमच्याकडे बिननावाचं कापड विकलं जात नाही. बाई ते अंगावर घालते ते कोणाला तरी काहीतरी सांगायला. तोंडानं बोलायची सोय असती तर साधं पांढरं नसतं का घातलं?

माझ्या पहिल्या नक्षीचं नाव पडलं 'ऐकलं, पण बोलले नाही'. त्या वर्षी अर्ध्या अक्रातल्या सुना ते घालून सासरी जेवायला गेल्या. नाव पडलं त्या दिवशी अराबा मुद्दाम टेमाला आली, आणि आम्ही दोघी गिरणीच्या मागच्या पायऱ्यांवर बसून भाजलेली केळी आणि शेंगदाणे खात संध्याकाळपर्यंत हसत होतो. काय हसत होतो ते आता आठवत नाही.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

माझे हात कापतात हे ऑफिसात कोणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षं झाली. कप दोन्ही हातांनी धरते, सही करायची वेळ आली की चष्मा विसरले म्हणते. वुम्पिनीनं ते कधीच हेरलं असणार, कारण सोमवारी त्यानं काही न बोलता कागद-पेन्सिल पुढे ठेवली आणि म्हणाला, आंटी, जसं येईल तसं काढा, पुढचं यंत्र बघून घेईल.

काढलं. बगळ्याच्या पायांनी गिरवल्यासारखं. यंत्रानं ते क्षणात सरळ करून दाखवलं, एकेक रेघ सुतात. दोन वर्षांनी स्वतःच्या हातची सरळ रेघ पाहिली आणि मला सगळ्यांसमोर रडू आलं. मग राग आला. ती रेघ माझी होती, पण पंचविसाव्या वर्षीची. आजची मी त्यात कुठेच नव्हते.

मी म्हटलं, थरथर राहू दे. हे सांगणं सोपं, करणं महाकठीण. वुम्पिनी तीन दिवस यंत्राशी हुज्जत घालत होता. ते बिचारं पुन्हा पुन्हा सगळं नीट करायचं, शहाण्या मुलासारखं. आज दुपारी शेवटी जमलं. निळी जमीन, या काठापासून त्या काठापर्यंत कापत जाणाऱ्या पांढऱ्या रेघा, आणि मधेमधे पिवळी खेकड्यांची बिळं. माझ्या लहानपणी खाडीत मासे होते तेव्हा भरतीचं पाणी असंच दिसायचं.

हे मी काढलं की यंत्रानं, कोणी विचारू नये. मला आवडलं. जरा लाजच वाटते, पण आवडलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

बारा हजार वार कापड छापून आलं. सेलासीला इतका भरवसा की तिनं बाकीच्या नक्ष्या बाजूला ठेवून सगळा डाव माझ्या एकटीच्या नक्षीवर लावला. नावंही तिनं यंत्राकडूनच काढून घेतली होती. 'उद्याची उमेद'. 'प्रगतीची लाट'. मी म्हटलं, हे बँकेच्या भिंतीवर शोभेल.

आज सेलासी, वुम्पिनी आणि मी माकोलाला गेलो. बायकांनी कापड हातात घेतलं, उलटं करून पाहिलं, रंग छान आहे म्हणाल्या आणि खाली ठेवलं. एकीनं सेलासीला सरळ विचारलं, 'प्रगतीची लाट घालून मी माझ्या नणंदेला काय सांगू?' दुसरी म्हणाली, आधी अराबाला दाखवा, तिनं टांगलं तर आम्हीही टांगू. सात गाळे फिरलो, सातही ठिकाणी हेच.

परत आम्ही ट्रोट्रोनं, खचाखच भरलेल्या मिनीबसनं आलो. माझ्या शेजारी बसून सेलासीनं सांगितलं, कंपनीत पैसे घातलेल्या नैरोबीच्या भागीदारांनी नोव्हेंबरअखेरची मुदत दिली आहे. कापड खपलं नाही तर कापडाचा धंदाच बंद. मग कंपनी नुसत्या नक्ष्या विकणार, परदेशी गिरण्यांना. म्हणजे ज्यांनी आमच्या नक्ष्या चोरून स्वस्तात छापल्या आणि टेमाची गिरणी बंद पाडली, त्यांनाच माझ्या थरथरत्या रेघा आपल्या हातांनी नेऊन द्यायच्या.

तिला वाटतं मी अराबाकडे उद्याच जाईन. मी गुडघे दुखतात म्हणाले.

बुधवार, १५ ऑक्टोबर

गुडघे दुखत नाहीत.

चौदा वर्षांपूर्वी मी अराबाच्या गाळ्यात गेले तेव्हा समोरच 'ऐकलं, पण बोलले नाही' टांगलेलं होतं. माझं नव्हे. परदेशी नक्कल, कागदासारखी पातळ, निम्म्या किमतीची. तिसऱ्या रांगेतला एक ठिपका मी मुद्दाम चुकवलेला होता, नकलेतही तो तसाच चुकलेला. अराबा गिऱ्हाइकाशी बोलत होती. तिनं मला पाहिलं. मी पाहिल्याचं तिनं पाहिलं. मी तशीच मागे फिरले. तीन महिन्यांनी गिरणी बंद झाली.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. तिला कधी जाब विचारला नाही, शिवी दिली नाही. आपल्याच नक्षीच्या नावाप्रमाणे वागले, दुसरं काय.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

गेले एकदाची. जायला नको होतं.

अराबा आता गाळ्यात बसत नाही, मुलगी एकुवा बसते. गुडघ्यांमुळे, असं बाजारात सगळे सांगतात. घर डान्सोमनला. एकुवानं दार उघडलं, मी आल्याचं आत ओरडून सांगितलं आणि पाणी आणायला गेली. अराबा खिडकीपाशी बसली होती. केस पांढरे. ब्लाउजची एक गुंडी चुकलेली. जी अराबा आम्हाला चुरगळलेल्या कापडावरून फैलावर घ्यायची, तिची गुंडी चुकलेली.

'बस,' ती म्हणाली आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला.

मी बसले नाही. आलेल्या माणसानं बसावं, पाणी प्यावं, मग घरच्यांनी येण्याचं कारण विचारावं, ही रीत मला काय माहीत नाही? पण बसले असते तर पाणी प्यावं लागलं असतं, आणि तिचं पाणी घशाखाली उतरेल असं वाटेना. एकुवानं आणलेला ग्लास स्टुलावर तसाच राहिला. दाराशी उभ्यानंच मी सगळं घडाघडा सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. कंपनी, यंत्र, बारा हजार वार, मुदत.

आणि तिचा तोरा काय वर्णावा. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. सगळं बोलणं त्या रिकाम्या खुर्चीशी. मी तिच्या मांडीवर कापड ठेवलं तर ते उलगडायचेही कष्ट घेतले नाहीत. काठ चिमटीत धरून चोळला, नाकाशी नेला, आणि मला विचारते, 'जमीन कुठल्या रंगाची घेतलीस?' मांडीवर धडधडीत निळं पडलंय आणि रंग कुठला! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

'डोळे आहेत ना तुला?' मी म्हटलं.

तिनं कापड मांडीवर सारखं केलं. मग खुर्चीलाच म्हणाली, 'ठेवून जा.'

ठेवून आले.

बुधवार, २२ ऑक्टोबर

अजून राग गेलेला नाही. चौदा वर्षांनी दारात आलेल्या माणसाकडे एकदा मान वळवून बघायला काय झालं होतं?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अराबाकडून काही निरोप नाही. सेलासीनं नवी युक्ती काढली. मी आठवतील तितकी जुनी नावं सांगायची, ती यंत्राला शिकवायची, मग ते आमच्या वळणाची नावं देईल. दोन दिवस मी नावं सांगत बसले. तीनशेच्या वर निघाली. प्रत्येक नावामागची बाई मला आठवत होती, कोणाच्या नवऱ्यानं काय केलं होतं तेसुद्धा. पोरं काम सोडून ऐकत बसली. हे दोन दिवस फार सुखात गेले.

यंत्र हुशार आहे, नाकारण्यात अर्थ नाही. त्यानं दिलेलं 'फाटक पहिलीच बायको उघडते' हे नाव खुद्द अराबाला सुचलं असतं तर तिनं आठवडाभर मिरवलं असतं. ते घेऊन वुम्पिनी बाजारात गेला. बाई खूश झाली आणि म्हणाली, 'वा, कोण म्हणालं हे?' वुम्पिनीला खोटं बोलता येत नाही. कोणीच नाही, म्हणाला. बाईनं कापड घडी करून परत दिलं. कोणीच म्हटलेलं नाही ते दुसऱ्याला कसं ऐकवणार?

चोवीस दिवस उरले. सेलासी आता जेवणाचा डबा उघडते आणि तसाच बंद करते. मला तिच्याकडे बघवत नाही, कारण अराबाला उलट बोलले होते ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सकाळी दहा वाजता सेलासीचा फोन, आंटी, ताबडतोब माकोलाला या. गेले. अराबाच्या गाळ्यात अगदी दर्शनी माझं निळं कापड टांगलेलं आणि खाली बायकांची ही गर्दी. एकुवाला मापायला हात पुरेनात. बायका मागत होत्या, 'आलीस, पण बसली नाहीस' द्या. सहा वार द्या. बारा द्या.

मी जागच्या जागी थिजले.

सेलासीला काहीच ठाऊक नाही, ती नाचायची बाकी होती. एका बाईनं मला आपण होऊन सांगितलं, हे माझ्या धाकट्या बहिणीसाठी. आईच्या आजारपणात दारातून तोंड दाखवून गेली ती गेलीच. दुसरीनं लंडनहून येऊन उभ्याउभ्या परत गेलेल्या मुलासाठी घेतेय म्हणून सांगितलं. प्रत्येकीकडे कोणीतरी असं येऊन न बसलेलं निघालं. आणि ज्या बाईवरून हे नाव पडलं ती त्यांच्या मधोमध उभी राहून घाम पुसत होती.

अराबानं चौदा वर्षांचा हिशेब एका दमात चुकता केला. तोही माझ्याच कापडावर.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

बारा हजार वार संपलं. कुमासीहून आणि लोमेहून मागणी आली आहे. नैरोबीवाल्यांनी मुदतबिदत विसरून आणखी चाळीस हजार वार छापायला सांगितलं. खालचा दातांचा डॉक्टर जागा सोडतोय, तोही मजला कंपनी घेणार. ऑफिसात केक कापला. सेलासी माझ्या गळ्यात पडून रडली आणि म्हणाली, 'आंटी, तुम्ही नसता तर आम्ही संपलो होतो.' मी केकची बशी तशीच टेबलावर ठेवली.

सगळ्यांना सहा-सहा वार भेट दिलं. माझं कपाटात तळाशी ठेवलं आहे. ट्रोट्रोमध्ये, चर्चमध्ये, औषधाच्या दुकानात, जिथे जावं तिथे कोणीतरी माझी चूक अंगावर घालून उभी असते. पुरे झालं. परवा जाऊन अराबाला तोंडावर विचारणार आहे. या वेळी ऐकून गप्प बसणार नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

सगळं जसं झालं तसं लिहिते.

एकुवा बाजारात होती. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत शिरले आणि दारापासूनच सुरुवात केली. म्हटलं, अराबा, साऱ्या गावात माझी अब्रू टांगलीस, आता समाधान झालं? ती खिडकीपाशीच होती. माझा आवाज ऐकून तिचा चेहरा उजळला. मी भांडायला आले होते आणि तिचा चेहरा उजळला.

'लामिले, बस,' ती म्हणाली. शेजारच्या मडक्यातून तिनं स्वतः पाणी घेतलं. ग्लासाच्या काठावर एक बोट आत धरून ओतलं, पाणी बोटाला लागल्यावर थांबली. मग ग्लास पुढे केला. माझ्याकडे नाही, खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती. ती हात तसाच लांब करून थांबली, जरा पाणी सांडलं, तरी हात मागे घेतला नाही. मी दोन पावलांवर उभी होते आणि ती रिकाम्या खुर्चीकडे बघून हसत होती.

मग मला कळलं. मी खुर्चीत बसले, पडलेच म्हणा, आणि तिच्या हातातून ग्लास घेतला.

'हं,' ती म्हणाली. 'आता बसलीस.'

मी पाणी प्यायले. सगळं प्यायले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. 'डोळे आहेत ना तुला' हे मी माझ्या तोंडानं म्हटलं होतं.

तीन वर्षं झाली, तिनं सांगितलं. आधी उजवा गेला, मग डावा. फक्त एकुवाला माहीत आहे. आंधळ्या बाईनं नाव दिलेलं कापड बाजारात कोण घेईल, म्हणून गुडघ्यांची थाप. त्या दिवशी मी बसले असेन असंच ती धरून चालली होती. चौथ्या दिवशी बोलता बोलता ती एकुवाला म्हणाली, लामिले बसली, हेच खूप झालं. तेव्हा एकुवाला सांगावं लागलं की लामिले आंटी उभ्याच होत्या.

'मग कापड मांडीवर घेऊन बसले,' अराबा म्हणाली. 'तीन आठवडे. कोणी येऊन काही म्हणेल म्हणून वाट बघितली, तर माझ्याच तोंडून निघालं. टोमणा नव्हता गं. मला वाईट वाटलं होतं.'

नकलेचा विषयही तिनंच काढला. चार पोरं होती, गिरणीचा माल येईना, म्हणून विकली. पण 'ऐकलं, पण बोलले नाही' या नावानं एक वारही विकलं नाही. बायका मागायच्या तेव्हा ते आता येत नाही म्हणून सांगायची. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायला मी तिथे थांबले कुठे होते?

मग म्हणाली, 'आता सांग, काढलंयस काय? एकुवा सांगते निळं आहे आणि रेघा आहेत. एवढ्यावर काय कळतं माणसाला?'

मी खाडीबद्दल सांगायला लागले, भरतीचं पाणी, खेकड्यांची बिळं. ती ऐकत होती. मधेच तिनं विचारलं, 'रेघा सरळ आहेत?'

खाडीचं पाणी आहे, सरळ कसं असेल, असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण तिच्यासमोर ते जमेना. 'हात कापतात माझे, अराबा,' मी म्हटलं. 'दोन वर्षं झाली. यंत्र नसतं तर मला एक ठिपकासुद्धा काढता आला नसता.'

तिनं चाचपत माझे दोन्ही हात शोधले आणि आपल्या मुठीत घट्ट धरले. थांबेपर्यंत सोडणार नाही, म्हणाली. ते थांबत नाहीत, हे मी तिला सांगितलं नाही. एकुवा गाळा बंद करून घरी आली तरी आम्ही तशाच बसलो होतो.